बारावीचे वर्ष आणि ओझे कोणाचे?

घरात बारावीचे मूल असले की "बाबासाहेब अठरा तास अभ्यास करीत" हे आपण दिवसातून कितीदा तरी ऐकवितो. परंतु १९०७ साली मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, हे कितीजण सांगतो? एवढ्या गुणांवर त्यांचा सत्कार झाला, आणि १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

मग सबंध समाजाची प्रतिष्ठा एका पोराच्या टक्क्यांवर टांगणे नीतीला धरून आहे काय? मुळीच नाही. परळच्या एका खोलीत रामजीबाबा मुलाला लवकर झोपवीत, स्वतः दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून आपण आडवे होत. जागरण बापाचे होते!

सोण भिक्षू चालून चालून पाय रक्ताळेपर्यंत साधना करू लागला, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार अति ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी नाही. रात्रभर तेच पान घोकणे हा अभ्यास नव्हे. धडा वाचावा, पुस्तक मिटावे, आठवेल ते कागदावर उतरवावे. चार दिवसांनी तोच धडा पुन्हा न पाहता लिहावा. झोप मोडू नये, वाचलेले झोपेतच पक्के होते. (टी. व्ही. बंद करणे मात्र आपले काम.)

आणि नापास झाला तर? बोर्डाची पुरवणी परीक्षा असते. हे त्याला आजच, जेवताना सांगा. निकालाच्या रात्री घाबरलेल्या पोराच्या कानात ते शिरत नाही.