पट्टा किती आवळायचा?



ह्यांचा झोपेत श्वास अडतो, म्हणून रात्री सीपॅपचा मास्क असतो. हवा गळू नये म्हणून आम्ही पट्टे आवळत गेलो. नाकाच्या हाडावर जखम झाली, तरी ह्यांनी ब्र काढला नाही. आम्ही त्यालाच सहनशक्ती म्हटलं! एके रात्री मात्र मास्क काढूनच ठेवला. पुन्हा तेच घोरणं, मध्येच श्वास थांबणं. डॉक्टरांना दाखवलं, तर मापच चुकलेलं. नवा मास्क आडवं पडून, मशीन सुरू ठेवून, सैलसर बसवला. जखम भरली.

टळत नाही ते नाम घेत सोसावं. टळण्यासारखं असेल ते वेळेवर सांगावं. सांगणं म्हणजे कुरकुर नव्हे, गुरूंनी सोपवलेल्या देहाची ती सेवाच. आपल्या घरी कोणी गप्प राहून सोसतंय का? आज जवळ बसून विचारूया.