शिणलेल्या हातांचे कायक

मागे मठात प्रसादाच्या पंगतीत एक भक्तकन्या घास हातात धरूनच झोपी गेली. मुलगी डॉक्टर, पुढचे शिक्षण घेत रुग्णालयात निवासी म्हणून राहणारी. सलग ३६ तासांची ड्यूटी करून आली होती. ‘काय ही कायकनिष्ठा!’ असे आम्ही सर्वांदेखत म्हणालो. ते बोलणे आज आम्हांस बोचते.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही १८ वर्षांची तरुणी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच वारली. शिकाऊ डॉक्टरांच्या थकव्याकडे तिच्या वडिलांनी बोट दाखविले. १९८९ मध्ये त्या राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २००३ पासून ती साऱ्या अमेरिकेत आली. आठवड्याचे तास १६८. म्हणजे जवळजवळ निम्मे, आणि ही म्हणे मर्यादा! युरोपीय संघाने शिकाऊ डॉक्टरांनाही २००९ पर्यंत सरासरी ४८ तासांचा नियम लावला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९२ च्या आदेशात आठवड्याला ४८ आणि सलग १२ तास लिहिलेले आहेत. कागदावर १२, त्या मुलीच्या वाट्याला ३६.

ज्येष्ठ शल्यवैद्यांचे म्हणणे निराळे. रोगी मध्येच दुसऱ्याच्या हाती सोपवला की काहीतरी सांगायचे राहून जाते. हे खोटे नाही. अमेरिकेत शल्यचिकित्सेच्या ११७ शिक्षणक्रमांत तुलना झाली, २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सलग तासांचे बंधन सैल केले तरी रोग्यांचे मृत्यू व गंभीर गुंतागुंत वाढलेली दिसली नाही. मग प्रश्न मिटला काय?

येथे आम्हांस आयदक्की लक्कम्मा आठवतात. मारय्या एके दिवशी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ वेचून घेऊन आले. त्या माउलीने ते परत टाकून यावयास सांगितले. त्या तांदळाने कोणी उपाशी राहणार होते असे नव्हे. कोणाचे नुकसान झाले का, हे तिने विचारलेच नाही. आपल्या वाट्याचे नसलेले घरात आले, एवढेच तिला पुरले.

डॉक्टर कमी पडतात, ती तूट तरुणांच्या झोपेतून भरून काढली जाते. रोगी वाचला तरी ती झोप घेणाऱ्याची होत नाही. आणि आम्ही मठाधीश तिला कायक म्हणून मोकळे होतो! कायक करणाऱ्याने स्वतः वाहिलेले असते. वरिष्ठाच्या धाकाने, परीक्षेच्या भयाने उपसलेल्या श्रमाला ते नाव कसे द्यावे?

ती मुलगी पुन्हा आली तर आधी निजू द्यावे, पान नंतर वाढावे, असे आम्ही स्वयंपाकघरात सांगून ठेवले आहे.