पेलाभर पाणी घेणारा



दान द्यावे, आनंदाने द्यावे, त्याचा गाजावाजा करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धर्मशिक्षणाच्या वर्गात तेच, रविवारच्या प्रवचनात तेच आणि प्रायश्चित्तकाळात घरोघरी दिल्या जाणाऱ्या पाकिटावरही तेच. घ्यावे कसे, हे मात्र फारसे कुणी शिकवीत नाही. जिथे परतफेड शक्यच नाही तिथे हात पुढे करणे यात काही पुण्य आहे का? की तो नुसता कमीपणा? या प्रश्नाचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर सायकलवरून अख्खा देश ओलांडणाऱ्या प्रवाशाचा एक दिवस येतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सायकलने जाण्याचा एक आखलेला मार्ग आहे. त्या देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने १९७६ साली तो सुरू झाला. व्हर्जिनिया राज्यातील यॉर्कटाऊनपासून ओरेगॉनच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६,८०० किलोमीटर. त्या पहिल्याच उन्हाळ्यात चार हजारांच्या आसपास सायकलस्वार त्यावर निघाले होते. पूर्ण मार्गाला साधारण अडीच-तीन महिने लागतात. मोठे महामार्ग टाळून, लहान गावांना जोडणाऱ्या जुन्या रस्त्यांवरून तो जातो.

या प्रवासातला दिवस कसा असतो? पहाटे दवाने भिजलेला तंबू गुंडाळायचा, चाकांच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत संसार भरायचा आणि ऊन चढण्याआधी जमेल तेवढे अंतर कापायचे. कॅन्ससच्या सपाट प्रदेशात समोरून वारा सुटला की दिवसभर पायडल मारूनही गाव जवळ येत नाही. कोलोराडोत ३,५०० मीटरहून उंच असलेली हूझर खिंड चढावी लागते. वायोमिंगच्या माळरानावर एक वस्ती मागे पडली की दुसरी दिसेपर्यंत तासन् तास जातात. दुपार कलली की मनात तीनच प्रश्न उरतात : पाणी कुठे मिळेल, जेवण कुठे मिळेल आणि पाठ कुठे टेकायची. घरी बँकेत पैसे असतात, खिशात कार्डही असते. पण जिथे दुकानच नाही तिथे त्या कार्डाचा उपयोग काय? म्हणजे घरी सुखवस्तू असलेला हा माणूस दिवसातले काही तास खरोखरच गरीब होतो. मग तो कुणाच्या तरी दारात उभा राहतो आणि पाणी मागतो.

याच मार्गावर व्हर्जिनियात ॲफ्टन नावाचे छोटे गाव आहे. पूर्वेकडून येणाऱ्याला ब्लू रिज डोंगराचा पहिला खडा चढ तिथे लागतो. त्या चढावरच्या एका घरात जून करी नावाच्या बाई आपल्या वडिलांबरोबर राहत. १९७६ च्या त्या उन्हाळ्यात सायकलस्वार धापा टाकीत दाराशी येऊ लागले आणि पाणी मागू लागले. बापलेकींनी पाण्याची सोय केली. पुढे जूनबाईंना वाटले, नुसते पाणी कसे द्यायचे? त्या बिस्किटे भाजू लागल्या. त्यानंतर जेवण आले, आणि शेवटी शेजारचे घरच प्रवाशांना झोपण्यासाठी उघडे झाले. लोक त्यांना ‘कुकी लेडी’ म्हणू लागले. पुढच्या तीसएक वर्षांत हजारो अनोळखी माणसे त्या घरात येऊन गेली. मुक्कामाचे ठरलेले भाडे असे काही नव्हतेच. प्रवासी पुढे गेल्यावर पोस्टकार्डे पाठवीत. त्या कार्डांनी घराच्या भिंती भरून गेल्या. नव्वदी ओलांडलेल्या जूनबाई २०१२ साली वारल्या.

जूनबाई चांगल्या होत्या, हे सांगायला लेखाची गरज नाही. मला कुतूहल आहे ते त्यांच्या दारात उभ्या राहणाऱ्यांचे. आपण स्वतःला त्यांच्या जागी उभे करून पाहू. समोरच्या बाईने पाणी दिले, बिस्किटांची बशी पुढे केली, आता जेवूनच जा म्हणाली. आपला पहिला विचार कोणता? बहुतेकांचा हात खिशाकडे जातो. “किती झाले?” हा प्रश्न वरवर सभ्य वाटतो, पण त्यात थोडा अहंकार लपलेला असतो असे मला वाटते. पैसे दिले की हिशेब मिटला, मी कुणाचा मिंधा राहिलो नाही. हिशेब मिटतो हे खरे, पण त्याबरोबर नातेही मिटते. आपल्याकडे आजारी शेजाऱ्याला कुणी पेज नेऊन दिली, तर दुसऱ्याच दिवशी ते भांडे काहीतरी भरून परत जाते. ही रीत गोड आहे, मी तिच्याविरुद्ध नाही. परंतु कधीकधी ते भांडे इतक्या घाईने परत जाते की जणू घरात विंचू आला होता!

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू स्वतः अशा प्रवाशाच्या जागी आहे. भर दुपार, चालून थकलेला, विहिरीपाशी बसलेला. पाणी शेंदायला त्याच्याजवळ पोहराही नाही. शोमरोनी स्त्री येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी लोक ज्यांच्या भांड्याला तोंड लावीत नसत, त्यांच्यापैकी ही एक. जिवंत पाण्याची गोष्ट त्यानंतर येते. देण्याआधी त्याने मागितले. आणि आपल्याकडे कुणीतरी काही मागितले, आपल्याजवळ देण्यासारखे काही आहे, हे त्या स्त्रीला प्रथम त्या मागण्यामुळे कळले असेल. लूकच्या दहाव्या अध्यायात बहात्तर शिष्यांना तो थैलीशिवाय, झोळीशिवाय पाठवितो आणि जे वाढतील ते खा असे बजावतो. थैली असती तर शिष्य धर्मशाळेत उतरले असते. लोकांच्या घरात शिरायचे त्यांना कारणच पडले नसते. आपल्या मातीतही ही समज जुनी आहे. आषाढी वारीच्या वाटेवर वारकऱ्यांना जेवू घालणारी कुटुंबे स्वतःच हात जोडतात. पंगत आपल्या दारी बसली हे त्यांना आपले भाग्य वाटते.

तेव्हा घेणे हाही सद्गुण आहे, असे मी म्हणेन. पण इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळता येत नाही. हौसेने सायकलवर निघालेल्या माणसाचे दारिद्र्य तीन महिन्यांचे. परतीचे तिकीट काढलेले असते. त्याची सायकल, त्याचे शिरस्त्राण, त्याची टापटीप पाहूनच दार उघडते. तोच तहानलेला चेहरा, तेच उन्हाने रापलेले हात, पण सायकल जुनी आणि मागे गाठोडे बांधलेले असेल तर?

याचे उत्तर आपल्याला मे २०२० मध्ये पाहायला मिळाले. टाळेबंदीत ज्योती कुमारी या शाळकरी मुलीने जखमी वडिलांना जुन्या सायकलच्या मागे बसवून गुरुग्रामहून बिहारमधील दरभंग्यापर्यंत, सुमारे १,२०० किलोमीटर नेले. हाही देश ओलांडणारा सायकलप्रवासच होता. त्यात हौस तेवढी नव्हती. वाटेत अनोळखी लोकांनी त्यांना खाऊपिऊ घातले. नंतर तिचे देशभर कौतुक झाले, तेही योग्यच. पण त्याच दिवसांत आपल्या वसईतून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून कितीतरी मजूर पायी आणि सायकलने जात होते. त्यांना अन्नाची पाकिटे देणारे लोक पुढे आले, आणि भीतीने दारे लावून घेणारेही होते. साथीची भीती खरी होती, तिला मी हसत नाही. मला बोचते ते असे की, साथ नसतानाही त्या गाठोडेवाल्यासाठी आपले दार फारसे उघडे नसते.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात आपल्या मठांसाठी नियम लिहिला. त्याच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे ख्रिस्त म्हणून स्वागत करावे, असे सांगितले आहे. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाचाच तो आधार. परंतु बेनेडिक्ट तिथे थांबत नाही. गरीब आणि यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी असे तो आवर्जून सांगतो; कारण श्रीमंताचा दरारा असतोच, त्याला मान आपोआप मिळतो. हे लिहिणारा माणूस दारावरच्या भावाला चांगला ओळखत असला पाहिजे!

आता आपल्या धर्मग्रामापुरते. मिस्सा सुटल्यावर फाटकापाशी जे हात पुढे येतात, त्यांना आपण नाणे देतो, तेही चालता चालता. त्यांच्याकडून आपण कधी काही घेतले आहे का? साधे नाव विचारणे हेही मागणेच आहे. उन्हाळ्यात रस्त्याने पावाची पाटी, भाजी, गॅसच्या टाक्या सायकलला लावून जाणारी माणसे दिवसभर चर्चच्या भिंतीला लागून जातात. पाण्याचा नळ आवाराच्या आत आहे आणि फाटक दुपारी बंद असते. भिंतीतून एक जोडणी रस्त्याच्या बाजूला काढायला किती खर्च येईल, हे पुढच्या पॅरिश कौन्सिलच्या सभेआधी प्लंबरला विचारून ठेवता येईल. शेजारी एक बाकडेही मावेल. अर्थात प्लंबर पैसे घ्यायला नको म्हणाला, तर त्याच्याशी फार हुज्जत घालू नये.