पान आणि पंगत

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक वर्षातून एकदा मुंबईला जातात आणि माटुंग्याच्या एका जुन्या उडपी खाणावळीत आपल्या पूर्वीच्या सहकाऱ्याबरोबर जेवतात. सहकारी जन्माने आणि निष्ठेने शाकाहारी. मास्तर वसईचे, म्हणजे ताटात मासळी नसेल तर जेवण झाले असे न मानणारे. गेल्या खेपेस त्यांनी मला आणि आपल्या तरुण मुलाला सोबत नेले. केळीच्या पानावर भात, सांबार, भाजी, पापड असे सारे वाढले गेले. दोघे वृद्ध मित्र जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत रमले. मुलगा मात्र खाली मान घालून जेवत होता.

परतताना विरार लोकलमध्ये त्याने मनातले बोलून दाखवले. "फादर, जेवण उत्तमच होते. पण दर वर्षी आपणच का नमते घ्यायचे? काका आपल्या आवडीच्या हॉटेलात एकदा तरी आले आहेत का? आणि दारावर पाटी काय, तर 'शुद्ध शाकाहारी'. मग आपण कोण, अशुद्ध?" मास्तर खिडकीबाहेर पाहत राहिले. मलाही तत्काळ उत्तर सुचले नाही.

विचार करता असे ध्यानात आले की, त्याच्या बोलण्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. एक न्यायाचा आणि दुसरा मानाचा.

न्यायाच्या प्रश्नाचे उत्तर त्या मानाने सोपे आहे. सामिष खाणाऱ्याने एक दिवस सांबार-भात खाल्ला तर त्याच्या जिभेची थोडी निराशा होते. सदसद्विवेकबुद्धीला धक्का पोहोचत नाही. शाकाहारी माणसाचे तसे नाही. प्राण्याचा जीव घेणे त्याला अंतःकरणापासून अनुचित वाटत असेल, तर सामिष घास त्याच्या विवेकाला जखम करतो. त्याचा तो विचार आपल्याला पटो वा न पटो, आदराला पात्र आहेच. म्हणून दोघांनी 'आलटूनपालटून' तडजोड करावी, हे वरवर समान दिसले तरी न्याय्य नव्हे. ज्याला अधिक मोकळीक आहे, त्याने अधिक सोडावे. करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीत मूर्तींना अर्पण केलेल्या मांसावरून वाद उद्भवला, तेव्हा संत पौलानेही हाच मार्ग दाखविला. त्या मांसात स्वतः त्याला काही दोष दिसत नव्हता; परंतु आपल्या खाण्याने दुर्बल मनाचा बंधू अडखळणार असेल, तर मांस कायमचे सोडण्याची त्याची तयारी होती.

सोडणे आपल्यालाही अपरिचित नाही. राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी 14 वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक कॅथलिक मांस वर्ज्य करतो. (मासळी त्या नियमात येत नाही, ही आम्हा वसईकरांवर कृपाच म्हणायची!) त्या दिवशी कोणालाही आपला अपमान झाला असे वाटत नाही. स्वेच्छेने केलेला त्याग माणसाला लहान करीत नाही.

मानाचा प्रश्न याहून अवघड आहे. पाटीवरचा 'शुद्ध' हा शब्द बहुतेक वेळा स्वयंपाकघराची माहिती तेवढी देतो: येथे मांस-अंडे शिजत नाही. पण आपल्या समाजात त्या शब्दाची सावली लांबवर पडली आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. त्या चहावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. आक्षेप मांसाला नव्हता. चहा कोणाच्या घरचा, याला होता. आजही मुंबईत सामिष खाणाऱ्या कुटुंबाला घर नाकारले गेल्याचे आपण ऐकतो. 2023 साली पवईच्या आय.आय.टी.च्या वसतिगृहांत शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी वेगळी टेबले राखण्यावरून वाद झाला. असे प्रसंग कानांवर पडत असता तरुणाचे मन दुखावले, तर त्याला दोष कसा द्यावा?

येथे त्याच संत पौलाचा दुसरा प्रसंग आठवतो. अंत्युखियात संत पेत्र प्रारंभी विदेशी ख्रिस्तीजनांबरोबर जेवत असे. पुढे काही मंडळींच्या भयाने तो त्या पंगतीतून मागे सरला. तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला. बंधूसाठी मांस सोडायला तयार असणारा पौल पंगत सोडायला मात्र तयार नव्हता. मला वाटते, दोन्ही प्रश्नांचा उलगडा या दोन प्रसंगांच्या मध्ये आहे. पदार्थ सोडता येतो. माणसाबरोबर बसणे सोडता येत नाही. मित्राने आपल्या ताटातले खावे, ही मागणी अन्यायाची आहे. त्याने आपल्या शेजारी बसावे, ही अपेक्षा मात्र रास्त आहे.

गाडी भाईंदरची खाडी ओलांडत होती, तेव्हा मास्तर प्रथमच बोलले. "तुझी आई गेली तेव्हा तू लहान होतास. आपल्या घरी चूल पेटली नव्हती. संध्याकाळी शेजारणीने पेज आणून दिली. त्यांच्या घरी त्याच टोपात मटण शिजते, हे काकांना ठाऊक होते. मी जेवत नव्हतो. ते माझ्याजवळ जमिनीवर बसले, आधी स्वतः दोन घोट घेतले आणि मग वाडगा माझ्या हाती दिला. टोप कोणाचा, हे त्यांनी विचारले नाही. मी माटुंग्याला जातो तो त्या पेजेसाठी."

मुलगा काही बोलला नाही. मीही उपदेश केला नाही.

सर्वच शाकाहारी माणसे त्या काकांसारखी नसतात, हे मी जाणतो. जेथे पंगतच नाकारली जाते, तेथे पौलासारखे समोरासमोर बोलावे; पाठीमागे धुसफुसू नये. पण बोलण्यापूर्वी आपलेही घर तपासावे. आपल्याकडच्या लग्नात शाकाहारी पाहुणा आला की, "तुकडे बाजूला काढून रस्सा तेवढा घ्या," असे आपण हसत म्हणतो ना? त्याच्या विवेकाची ती थट्टाच आहे. आणि घरकामाला येणाऱ्या बाईचा कप आपल्या कितीतरी घरांत अजून वेगळा ठेवलेला असतो. त्या कपावर 'शुद्ध' असे लिहिलेले नसते, इतकेच.