चार हात जमीन

भावाची मुलगी परवा माझ्याकडे आली ती सरळ पैसेच मागायला. एकोणीस वर्षांची आहे. डोंगरात चालवायची सायकल घ्यायची म्हणते, जाड टायरची, पुढे स्प्रिंग असलेली. निम्मे पैसे तिने शिकवण्या घेऊन साठवलेत, निम्मे आत्याने द्यावेत. वडिलांनी एका शब्दात विषय संपवलाय : ‘कशाला?’

मी ‘बघू’ म्हटलं. पण त्या ‘कशाला’ने माझी झोप उडवली. कारण हाच शब्द गेल्या जूनमध्ये मी स्वतः उच्चारला होता.

मुलीकडे वेल्सला गेले होते तेव्हाची गोष्ट. कार्डिफपासून जवळच कुमकार्न नावाचं जंगल आहे. जावई आणि मुलगी दर पंधरा दिवसांनी तिथे सायकल चालवायला जातात, मलाही घेऊन गेले. (सूर्य मावळतो साडेनऊला. त्यामुळे दिवसाउजेडी जेवण व्हायची चिंता नव्हती, डबा निवांत उघडला.) एक गाडी मागे ट्रॉली जोडून सायकली वर नेते. माणसं वरून झाडांमधल्या वाटेने सुसाट खाली येतात, आणि खाली आली की पुन्हा वर जायला रांगेत उभी राहतात. अर्धा तास मी ते बघितलं आणि मुलीला विचारलं, ‘अगं, पण हे कशासाठी?’ ती घामाघूम, गालावर चिखल, हसत म्हणाली, ‘मजा येते गं.’

माझा निकाल तिथेच झाला होता. आपण श्राविका पाच अणुव्रतं ऐकतो, त्यांना बळ देणारी गुणव्रतंही ऐकतो. त्यात अनर्थदंडव्रत आहे. गृहस्थाला हिंसा पूर्ण टळत नाही हे आपल्या आचार्यांनी मान्यच केलंय. चूल पेटवावी लागते, शेत नांगरावं लागतं. पण ज्यात काही अर्थ नाही, प्रयोजन नाही, अशी हिंसा तरी करू नये, हे ते व्रत. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातल्या प्रमादचर्येत काय काय येतं? उगाच जमीन उकरणं, उगाच पाणी सांडणं, झाडपाला तोडणं, कारणाशिवाय भटकणं. पाठशाळेत हे पाठ केलं होतं तेव्हा वाटायचं, उगाच जमीन कोण कशाला उकरेल? कुमकार्नला उत्तर समोर दिसत होतं. डोंगर उकरून वाट केलीय, त्यात मुद्दाम उंचवटे केलेत, वळणावर मातीच्या तिरप्या भिंती घातल्यात, आणि हे सारं खाली येऊन परत वर जाण्यासाठी!

पण मग त्या डोंगराची हकीकत कळली आणि माझा निकाल जरा डळमळला.

त्या दरीत कोळशाची खाण होती. ती १९६८ साली बंद झाली. पहिल्या महायुद्धात खंदकांना आणि खाणींना लाकूड पुरेना, म्हणून ब्रिटनने १९१९ साली सरकारी वनखातं काढलं आणि उघड्या डोंगरांवर सरळसोट वाढणारी झाडं ओळीने लावली. वेल्सच्या दऱ्यांतली बरीचशी जंगलं अशीच, लावलेली. म्हणजे मी जिला ‘निसर्ग’ समजून हळहळत होते ती एक शेतीच होती, फक्त पीक पन्नास-साठ वर्षांनी काढायचं. डोंगर पोखरला, माणसं खाली गाडली गेली, झाडं तोडली, पुन्हा लावली. या सगळ्याला प्रयोजन होतं, म्हणून त्याला कोणी ‘कशाला’ विचारलं नाही. विचारलं ते माझ्या मुलीला, कारण ती हसत होती.

हे मला टोचलं. मी तेरा वर्षांची असताना माहेरी माझी सायकल बंद झाली. चुलतभावाची जुनी, माझ्या मापाला मोठी, पण मी दांडीखालून पाय घालून चालवायची. ‘आता कशाला?’ एवढंच कोणीतरी म्हणालं. नंतर चाळीस वर्षं मी जे जे केलं त्याला प्रयोजन होतं. कुरड्या घातल्या, लोणची घातली, पाहुणे सांभाळले, आजारपणं काढली. त्यात पाणी किती सांडलं, अग्नी किती पेटला, याचा हिशेब कोणी मागितला नाही. बाईच्या कामात अर्थ असतो, बाईच्या मजेत अनर्थ. हे शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही, शास्त्र तर सर्वांना सारखंच विचारतं. लग्नाच्या मांडवात एका रात्रीसाठी टेम्पो भरभरून फुलं येतात, तेव्हा ‘कशाला’ हा शब्द आपल्या पुरुषमंडळींना आठवत नाही.

तरी मी सावध आहे. मजेला अर्थ म्हणायचं ठरवलं तर मग काहीही खपेल. राजे शिकारीला जायचे ते मजेसाठीच. फरक कुठे? मला सुचलेला असा : शिकारीत आनंदच मारण्यात असतो, प्राणी मेला नाही तर दिवस फुकट. सायकलीवरच्या पोरीला कुणी मरायला नकोच आहे. मेलं तर ते तिच्या बेसावधपणानं. आणि आपल्याकडे हिंसेचं मूळ तिथेच सांगितलंय, प्रमादात. जीव वाचला तरी बेफिकीर माणूस दोषी, आणि जपून चालणाऱ्याच्या पायाखाली चुकून काही आलं तरी त्याचा भाव वेगळा. म्हणून प्रश्न ‘कशाला’ यापेक्षा ‘कशी’ हा जास्त.

तिथे मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली चांगली. खाली आल्यावर मुलीने सायकल उलटी करून चाकं घासून धुतली. मला वाटलं, गाडी खराब होईल म्हणून. तर नाही. तिथे लार्च नावाचं सूचिपर्णी झाड पुष्कळ होतं, शिशिरात पिवळं होऊन पानं गाळणारं. त्याला बुरशीसारखा एक रोग आला. तो पावसा-धुक्यातून पसरतो, आणि बुटांना, टायरला चिकटलेल्या चिखलातूनही. एकट्या कुमकार्नमध्ये १,६०,००० हून अधिक लार्च तोडावे लागले, गाड्यांचा तिथला वनरस्ता २०१४ साली बंद केला तो २०२१ साली उघडला. म्हणून या जंगलाची माती या जंगलातच सोडून जायची. माझी आजी विहिरीचं पाणी गाळून झालं की गाळणं उलटं करून त्यातले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायची, दुसऱ्या पाण्यात नाही. मी ते बघत मोठी झाले. कार्डिफच्या त्या पोरांनी आजीला ओळखलं असतं की नाही कुणास ठाऊक, आजीने त्यांना ओळखलं असतं.

वाटही तशीच विचारानं केलेली. पाणी वाटेवरून वाहत गेलं तर ओघळ पडून डोंगर धुपतो, म्हणून ठिकठिकाणी वाट थोडी वर उचलून पाणी बाजूला काढून दिलंय, उतार तीव्र तिथे दगड बसवलेत. मागचं चाक आवळून घसरत येणाऱ्याला बाकीचे नावं ठेवतात, कारण त्या एका चरीतूनच पुढच्या पावसात ओढा होतो.

दुसरी गोष्ट मला अजून पचलेली नाही. मुनिमहाराज चार हात जमीन बघून चालतात. ईर्यासमिती. चिखलाच्या कडेला काळी, बोटाएवढी गोगलगाय, शंखाशिवायची, वाट ओलांडत होती. मी पानावर घेऊन तिला पलीकडे ठेवली. मुलीला विचारलं, ‘वरून येताना ही दिसते?’ ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘नाही आई. खोटं कशाला बोलू? तेवढ्या वेगात पुढचं वळण बघावं लागतं, चाकाखालचं नाही.’ तिने खोटं बोलून माझं समाधान केलं नाही, याचं बरं वाटलं. पण प्रश्न तिथेच राहिला. वेगाला चार हात पुरत नाहीत. तसे ते मोटारीलाही पुरत नाहीत, आणि तिथे मी मोटारीतूनच गेले होते.

आता भाचीचं. ती आणि तिचे मित्र जाणार ते जांबोटीकडे, खानापूरच्या रानात. ते लावलेलं जंगल नाही. पावसाळ्यात तिथे हात ठेवाल तिथे जीव आहे, बेडूक, खेकडे, गोम, दगडावरचं शेवाळं. मुनी चातुर्मासात एका जागी थांबतात ते याच दिवसांसाठी. शिवाय हिंसादान हाही अनर्थदंडच, म्हणजे दुसऱ्याच्या हाती साधन देणं. ती चाकं माझ्या पैशांची असतील.

मी तिला बोलावून हे सगळं सांगितलं. पैसे देईन, पण दिवाळीनंतर. आषाढापासून दिवाळीपर्यंत रानात चाक घालायचं नाही, आणि इतर वेळीही गुरांच्या, माणसांच्या मळलेल्या वाटेनेच जायचं, नवी पाडायची नाही. ती हिरमुसली. ‘आत्या, पावसातच तर खरी मजा असते.’

‘माहीत आहे,’ मी म्हटलं. ‘म्हणून तर.’

दोन दिवस विचार करते म्हणाली. भावाने फोन करून मला विचारलंय की पोरीला मी का चढवून ठेवते. त्याला उत्तर दिलं नाही. ती सायकल घेऊन आली तर अंगणात एक फेरी मीही मारून बघणार आहे, गुडघा साथ देईल तेवढी.