घाटमाथ्यावरील थांबा

वाचन: प्रेषितांची कृत्ये २०:७-१२

त्रोवस येथील माडीवर पुष्कळ दिवे लागले होते, हे लूक मुद्दाम लिहून ठेवितो. अंधार नव्हता, वादळ नव्हते, छळ करणारे दाराशी उभे नव्हते. प्रत्यक्ष पौल बोलत होता. तरी युतुख नावाच्या तरुणाचा खिडकीत बसल्या बसल्या डोळा लागला व तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. (भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले होते, हेही लूक लपवीत नाही, आम्हा उपदेशकांनी त्यातून घ्यावयाचे ते घ्यावे.)

हा उतारा आम्हांस गेल्या पावसाळ्यात नागपुरातील रामदासपेठेच्या एका रुग्णालयात आठवला. आमच्या मंडळीतील एक वृद्ध बंधू तेथे आजारी होते. नागपुराहून मुंबईस ट्रक नेण्यात त्यांचे आयुष्य गेले. उशाशी त्यांच्याच धंद्यातील एक जुना सोबती बसला होता, आणि बोलणे कसारा घाटावर आले.

इगतपुरी सोडली की ती उतरण लागते. १८६५ साली तेथून आगगाडी नेली, तिलाही सदतीस फुटांस एक फूट असा चढ. ट्रकवाल्याने माथ्यावर गाडी उभी करावी, ब्रेक पाहावेत, चाके तापली नाहीत ना हे हाताने चाचपावे. ज्या गियरमध्ये चढावयाचे त्याच गियरमध्ये उतरावयाचे. कारण नुसत्या ब्रेकवर विसंबले तर ते तापून निकामी होतात. पावसाळ्यात धुके असे दाटे की क्लीनरने दाराबाहेर डोके काढून रस्त्याची कड सांगावी.

“माथ्यावर प्रार्थना केल्यावाचून मी कधी उतरलो नाही,” आमचे बंधू म्हणाले. “भीती होती, म्हणून डोळा लागत नसे. आता मुलगा समृद्धी महामार्गाने जातो. सरळ रस्ता, आणि घाटाच्या जागी डोंगराच्या पोटातून सुमारे आठ किलोमीटरांचा बोगदा. त्याला भीती नाही, म्हणून मला भीती वाटते.”

हा ७०१ किलोमीटरांचा मार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंत व ५ जून २०२५ रोजी इगतपुरीच्या पुढे शेवटपर्यंत खुला झाला. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ त्याच मार्गावर नागपुराहून पुण्यास निघालेली बस जळाली व २५ माणसे गेली. त्याचे कारण ठरविणे आमचे काम नव्हे. पण सरळ, एकसुरी रस्त्यावर मन गुंगते, हे कोणताही चालक सांगेल.

आम्ही उतावीळपणे म्हणालो, “म्हणजे जुना घाटच बरा होता.”

तेव्हा तो सोबती, जो इतका वेळ गप्प होता, म्हणाला, “पाळकसाहेब, त्या घाटात माझा क्लीनर गेला. सतरा वर्षांचा होता. बरा नव्हता तो घाट.”

आम्ही खाली पाहिले. इस्राएल लोकांनी रानात मिसरातील कांदे आठविले व वेठ विसरली, तसेच आमचे झाले. उंचसखल भूमी सपाट व्हावी, हे तर यशया संदेष्ट्याच्या मुखाने देवानेच दिलेले वचन आहे (यशया ४०). सपाट रस्ता मिळाला तर उपकार मानावेत.

आमच्या वाडवडिलांचा घाट निराळा होता. बाप्तिस्मा घेतला की गावची विहीर बंद, सोयरीक बंद, कधी घरही बंद. तेव्हा रोज रात्री कंदिलाभोवती प्रार्थना होई. ती वाचून दुसरा दिवस उजाडावयाचा नाही, असे त्यांस वाटे. तो काळ मुलांच्या वाट्यास पुन्हा यावा, असे कोणी म्हणू नये. कित्येक गावी तो अजून सरलेलाही नाही. पण जेथे सरला, तेथे भीतीबरोबर प्रार्थनाही का गेली? प्रीतीने करावयाचे काम आम्ही भीतीवर सोपविले होते काय? उपदेशक बंधूंनो, तुमच्या देवळात आज दिवे पुष्कळ आहेत. खिडकीत कोण बसले आहे, हे तुम्ही पाहता काय?

पौल खाली उतरला. त्याने युतुखास बोल लाविला नाही, कवटाळले. मग सर्वांनी वर जाऊन भाकर मोडली, आणि बोलणे पहाटेपर्यंत चालले.

रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या बंधूंचा फोन वाजला. मुलगा बोगद्याच्या अलीकडे गाडी उभी करून बोलत होता. “चाके पाहिलीस?” त्यांनी विचारले. मग फोन उशीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले व हात जोडले. सोबती ख्रिस्ती नव्हता. तरी त्यानेही टोपी काढली.