जवाबाची वेळ

शेफील्डच्या आर्क्टिक मंकीज या बँडच्या पहिल्या अल्बमवर लिहिताना समीक्षक आजही आधी गाण्यांचे शब्द कागदावर उतरवून घेतात आणि मग त्यांचे समाजशास्त्र मांडत बसतात. उत्तर इंग्लंडमधल्या साध्या घरांतल्या पोरांचा हा प्रामाणिक दस्तऐवज आहे, असा निष्कर्ष निघतो. ड्रम आणि गिटारचा जोर मात्र ‘वयाचा उत्साह’ म्हणून एका वाक्यात निकालात निघतो. ही मांडणी मला उथळ वाटते.

इंटरनेटने हा बँड घडवला, या दुसऱ्या प्रचलित मतावर फार वेळ घालवायचे कारण नाही. फुकट वाटलेल्या सीडींवरची गाणी चाहत्यांनी नेटवर चढवली हे खरे, पण तशी तेव्हा असंख्य बँडांची गाणी चढत होती.

दस्तऐवजवाल्यांचा मोठा पुरावा म्हणजे अल्बमचे नाव. ते अ‍ॅलन सिलिटोच्या ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ या १९५८ च्या कादंबरीतून आले आहे. तिचा नायक नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यातला कामगार. म्हणजे वास्तववादाची परंपरा सिद्ध झाली, असे त्यांना वाटते. पण ते नाव सांगते काय? लोक मला जो म्हणतात, तो मी नव्हे. यात वर्णन कुठे आहे? आहे तो वर्णनाला दिलेला नकार. आणि नाकारण्यासारखे पुष्कळ होते. नोव्हेंबर २००५ मध्ये मद्यविक्रीच्या वेळा सैल करणारा कायदा लागू झाला, तेव्हा रस्त्यावर झिंगणाऱ्या तरुणांवर रकानेच्या रकाने भरत होते. १० जानेवारी २००६ रोजी ब्लेअर सरकारने बेशिस्त वर्तनाविरुद्धची ‘रिस्पेक्ट’ योजना जाहीर केली. अल्बम आला २३ जानेवारीला. तोवर या पोरांची वर्णने इतरांनी भरपूर करून ठेवली होती. उणीव होती ती उलट बोलणाऱ्याची.

म्हणून मला चतुराई आणि हजरजबाबीपणा यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. चतुराईला सवड लागते. हजरजबाबीपणाला समोर कोणीतरी लागतो, आणि वेळ टळली की तो संपतो. कलगी-तुऱ्याच्या फडात जवाब डफाच्या ठेक्यावरच यावा लागतो. घरी गेल्यावर सुचलेला जवाब कितीही देखणा असला तरी फड गेलेलाच असतो.

या अल्बममधले टॅक्सीचे गाणे ऐका. रात्री उशिरा मित्रांचे टोळके टॅक्सीत कोंबून बसले आहे. भाडे बुडवून उडी मारायचा बेत शिजतो, पण दारे कुलूपबंद असल्याचा लाल दिवा लागलेला असतो. कागदावर हा किरकोळ किस्सा आहे. कानाला मात्र मॅट हेल्डर्सचे ड्रम गायक अ‍ॅलेक्स टर्नरला श्वास घेऊ देत नाहीत. शब्द एकमेकांना ढकलत बाहेर पडतात आणि प्रत्येक टोमणा अगदी शेवटच्या क्षणी जागेवर बसतो. इथला विनोद त्या घाईतूनच तयार होतो. वेग काढून घ्या, उरेल ती चतुराई.

गाणी आधी लिहिलेली, तालमीत घोटलेली होती, हे मान्य. पण मंचावर बसवलेला जवाबसुद्धा वेळेवर पडला तरच जवाब ठरतो. आणि समोर कोणीतरी होतेच: अधिकृत रेकॉर्ड निघण्याआधीच श्रोते ही गाणी बँडबरोबर म्हणत होते. अल्बममधले शेवटचे गाणे ‘अ सर्टन रोमान्स’ आपल्याच गावातल्या उनाड टोळक्यांवर तोंडसुख घेत सुरू होते आणि मित्रांवर तसा राग धरता येत नाही, या कबुलीपाशी थांबते. त्यापुढे शब्द नाहीत, नुसती गिटार आहे. कागदावर शब्द मांडणाऱ्याच्या हाती हा शेवट लागतच नाही.

पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये या अल्बमच्या ३ लाख ६० हजारांहून अधिक प्रती खपल्या. इतक्या लोकांनी तो दस्तऐवज म्हणून विकत घेतला, हे मला पटत नाही. तुम्ही पहिल्यांदाच ऐकणार असाल तर एवढेच करा: शब्द समोर उघडून बसू नका.